एक हात राहिलाय

परवा शनिवारी रात्री साडेनऊला आमच्या कात्रप भागाची लाईट गेली. घरात घाम पुसत बसण्यापेक्षा बरं म्हणून मी गच्चीवर चटई टाकली. शेजारच्या विंगेतली स्वप्नाली आणि तिचा धाकटा भाऊ जितेश आधीच तिथे होते. स्वप्नाली नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी म्हटलं, सोमवारपासून पहिली नाईट ड्युटी ना गं?

"काका, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुझी आई भाजीवाल्याला सांगत होती. मी मुद्दाम नाही ऐकलं, कानावर आलं."

"तुमच्या कानावर लई येतं हां काका," जितेश म्हणाला. "एखादी भुताची स्टोरी आली असेल तर तीपण सोडा. माहौल आहे."

गोष्ट होती. बरेच दिवस पोटात होती. मालिनीला, म्हणजे आमच्या मंडळींनाही मी ती पूर्ण सांगितलेली नव्हती. पण पोरगी नाईटला उभी राहणार, तिला सांगायलाच हवी असं वाटलं. मी म्हटलं, ही माझ्या ओळखीतल्या एका माणसाची गोष्ट. खरी आहे. मध्ये बोलायचं नाही.

तर, सगळं सुरू झालं एका कुरियरपासून.

तारीख बारा डिसेंबर, साल दोन हजार चोवीस, मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. आपल्या तिसऱ्या मजल्यावरची विनिता सिस्टर तुम्हाला माहीतच आहे. नवरा गेल्यापासून ती आणि मुलगी किर्ती, दोघीच. तेव्हा ती उल्हासनगरला एका हॉस्पिटलात नाईट करायची. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, त्यांची यात काही चूक नाही. संध्याकाळी सातला ती स्कूटीवर निघायची. त्या दिवशी ती गेल्यावर तासाभराने तिच्या नावाचं एक खोकं आलं. किर्ती क्लासला गेलेली. म्हणून खालच्या मजल्यावरच्या एका माणसाने सही करून ते घेतलं. सकाळी सिस्टर आली की तिला नेऊन द्यायचं, एवढंच काम.

"काका, पण बिल्डिंगमधली कुरियरं तर तुम्हीच..."

"जितेश, काय ठरलं आपलं?"

तर त्या माणसाने खोकं टीपॉयवर ठेवलं आणि त्याची झोप उडाली. खोक्यावर पाठवणाऱ्याचं नाव होतं जयदेव, गाव नाशिक. आता हा जयदेव कोण? सिस्टरच्या माहेरात असा कोणी नाही. सासरही इकडे मुरबाडकडे. खोकं हलवून पाहिलं, आत काहीतरी सरकलं. बायको म्हणाली, ठेवा ते खाली, लोकांच्या वस्तू हलवू नयेत. तो माणूस जेवला, बातम्या बघितल्या, अंथरुणावर पडला. पण जयदेव काही पचेना. शेवटी उठला, हॉलमध्ये गेला आणि सिस्टरला फोन लावला.

अकरा चाळीसला.

त्या वेळी सिस्टर काय करत होती ते आता ऐका. हे तिनेच नंतर स्वयंपाकघरात मालिनीला सांगितलं, रडत. मी हॉलमध्ये मटार सोलत होतो. कानावर आलं.

स्वप्नाली, तुला माहीत असेल, ऑपरेशनच्या आदल्या रात्री पेशंटच्या अंगावरचं सगळं उतरवतात. चेन, नथ, जोडवी, बांगड्या. पण आपल्या बायका सौभाग्याचं लेणं उतरवायला तयार होत नाहीत. काचेच्या बांगड्या हातात रुतलेल्या असतात, निघतच नाहीत. मग फोडाव्या लागतात. फोडाव्या म्हणायचंही नसतं, वाढवाव्या म्हणतात. तिथे पेशंट अर्धा मेल्यासारखा होतो. म्हणून विनिताने डॉक्टरांची परवानगी काढली होती. ती बांगड्या फोडायची नाही. मनगटावर कापसाचा पातळ थर द्यायची, वरून पांढरी चिकटपट्टी गुंडाळायची. पट्टीचं शेवटचं टोक दुहेरी दुमडून ठेवायची, म्हणजे नंतर दोन बोटांत धरून ओढलं की अलगद सुटावी, कातडी ओढली जाऊ नये. ती दुमड तिची. दुसरं कोणी करत नसे. बाकीच्या सिस्टर हसायच्या, म्हणायच्या, एवढा वेळ कोणाला आहे?

पण मालिनीला ती काय म्हणाली, ते नीट ऐक हां स्वप्नाली. म्हणाली, "वहिनी, पट्टी हा बहाणा असतो हो. तेवढा वेळ पेशंटचा हात माझ्या हातात राहतो. हात धरला की माणूस बोलतो. जे डॉक्टरला विचारायची लाज वाटते ते विचारतो. आणि विचारलं की निम्मी भीती जाते."

त्या रात्री दुसऱ्या मजल्यावर चार नंबरच्या खोलीत बनूबाई होती. खरवईची, साठीच्या पुढची, शेतावर राबलेली बाई. सकाळी पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन. नवरा हिरामण खाली मेडिकलसमोरच्या बाकड्यावर घोंगडी पांघरून बसलेला. बनूबाईच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या. डाव्यात सहा, उजव्यात सात. एका हातात एक जास्त, रिवाजच आहे तसा. विनिता मोजून घेते, नंतर भांडण नको.

डावा हात बांधून झाला. तेवढ्यात बनूबाईने विचारलं, "बाय, मना लय भ्या वाटतं गो. भूल दिल्यावर मानूस जातं कुठं?"

विनिताने डाव्या हाताची दुमड दाबली. म्हणाली, "आजी, आता उजवा हात द्या. तो बांधता बांधता सांगते."

बनूबाईने उजवा हात पुढे केला.

आणि फोन वाजला.

आता तुम्ही म्हणाल, कट करायचा ना फोन. पण घरी पोरगी एकटी. शेजाऱ्याचा फोन, तोही रात्री पावणेबाराला. आईच्या काळजात धस्स होणारच. "आलेच हं आजी, पाच मिनिटं," म्हणून ती बाहेर पॅसेजमध्ये गेली. किर्ती ठीक आहे हे कळलं. पण पुढे? ज्या घरातून पोरीला रात्रीचं गरम जेवण जातं, ज्या माणसाचं पोरीवर लक्ष असतं, त्याचा फोन तोंडावर कसा ठेवायचा? तो माणूस आधी खोक्याचं बोलला. मग म्हणाला, हे जयदेव म्हणजे तुमच्या नात्यातले का? मग टाकी सफाईचं काढलं. मग वॉचमन झोपतो, मग पार्किंग. मग फिरून जयदेव...

बावीस मिनिटं.

"साला, कोण होता हा पकाऊ?" जितेश म्हणाला.

कात्रपच्या त्या बाजूला एका सोसायटीचा जनरेटर तेवढा चालू होता. स्वप्नाली माझ्याकडे बघत होती. अंधारात नीट दिसत नव्हतं, पण बघत होती.

फोन संपला आणि खालून आरडाओरडा. रस्त्यावर दोन बाईकवाले धडकले होते. विनिता खाली धावली. टाके, सलाईन, पोलीस... ती वर आली तेव्हा घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. जिन्यातच तिला आठवलं. एक हात राहिलाय.

चार नंबरची लाईट चालू होती. बनूबाई उशीला टेकून बसलेली. डावा हात मांडीवर. उजवा हात पलंगाच्या कडेच्या लोखंडी टेबलावर पुढे ठेवलेला. द्यायला काढतात तसा.

हात गार होता.

डॉक्टर म्हणाले, हार्ट कमजोर होतं, ऑपरेशन थिएटरपर्यंतही पोचली नसती, कोणाची चूक नाही. कागदावर तसंच लिहिलं. पण हिरामण वर आला, बायकोकडे बघितलं, मग सिस्टरकडे बघितलं आणि म्हणाला, "एक वाजता मी आल्तो. मी म्हनलं, झोप आता. ती म्हनली, बाय येनार हाय. एक हात राह्यलाय."

बस, एवढंच म्हणाला तो. ओरडला नाही.

विनिताने स्वतःच्या हाताने डावी पट्टी सोडवली. बाई सवाष्ण गेली, बांगड्यांसकट. खरवईच्या स्मशानात.

सकाळी नऊला विनिता घरी आली. त्या माणसाने दारातच तिला खोकं दिलं. तिचे डोळे सुजलेले. त्याला दिसले. तरी विचारलं, "काय आहे हो आत?" तिने तिथेच खोकं फाडलं. ड्युटीच्या पांढऱ्या चपला. नाशिकच्या दुकानातून मागवलेल्या, दुकानदाराचं नाव जयदेव.

जितेश हसायला गेला आणि थांबला.

पुढे विनिता दोन महिने त्याच हॉस्पिटलात होती. या दोन महिन्यांत चार नंबरच्या खोलीत जे पेशंट ऑपरेशनसाठी आले, ते सकाळी एकच गोष्ट विचारायचे. पहिला एक रिक्षावाला होता, अपेंडिक्सचा. म्हणाला, "सिस्टर, वो नाईटवाली आजी कौन है? पूरी रात हात पकड के बैठी थी." विनिता म्हणाली, नाईटला मी एकटीच असते. तो म्हणाला, नाही, होती. स्टूल ओढून बसली. तिच्या एकाच हाताच्या बांगड्या वाजत होत्या, दुसरा हात मुका. हात बर्फासारखे, पण बरं वाटलं. आणि जाताना म्हणाली, मना आता ठावं हाय, भूल दिल्यावर मानूस कुठं जातं ते. भ्यायचं नाय.

मग उल्हासनगरच्याच कॅम्प एकची एक सिंधी बाई. मग एक कॉलेजचा मुलगा. सगळ्यांची ऑपरेशनं नीट झाली. सगळ्यांनी तेच सांगितलं. एकाच हाताच्या बांगड्या वाजतात.

फेब्रुवारीत विनिताने नोकरी सोडली. कल्याणला दिवसपाळी धरली. मालिनीला म्हणाली, "ती सगळ्यांजवळ बसते वहिनी. मी जे करायचं ते ती करते. मला तिथे तोंड दाखवायची लाज वाटते."

मालिनीने विचारलं, "पण तू तर सगळ्यांजवळ बसायचीस. त्या रात्री कुणी थांबवलं तुला?"

विनिता म्हणाली, "एका पेशंटच्या नातेवाइकाचा फोन होता."

हॉलमध्ये मटार सोलणारा... हॉलमध्ये सगळं ऐकू गेलं. त्या माणसाने तेव्हा उठून आत जायला हवं होतं. नाही गेला. मटार सोलत राहिला.

आता शेवटचं. त्या फोन करणाऱ्या माणसाला एप्रिलमध्ये हर्निया निघाला. त्याचं विम्याचं कार्ड त्याच हॉस्पिटलात चालायचं. ॲडमिट झाला चोवीस एप्रिल, दोन हजार पंचवीस. गुरुवारच. खोली दिली चार नंबर. त्याला मागता आली असती दुसरी. पण काय म्हणून मागणार? बायको राहते म्हणत होती. हा मोठ्या फुशारकीने म्हणाला, मला काय धाड भरलीय, जा तू घरी, आणि हा मोबाईल, घड्याळ घेऊन जा, इथे चोऱ्या होतात. ती गेली.

दहा वाजता सिस्टर आली. पोरसवदा होती. "काका, टेन्शन नका घेऊ," म्हणाली आणि गेली. टेन्शन नका घेऊ म्हटल्याने टेन्शन गेलं असतं तर काय पाहिजे होतं? पण तिच्याकडे चौदा पेशंट. तिचं काय चुकलं?

दुसरा पलंग रिकामा. पंखा कुरकुरत होता. अंगावर तो मागून बांधायचा हिरवा झगा. त्या माणसाला घाम फुटला. वाटलं, कोणीतरी यावं, दोन शब्द बोलावेत. सगळ्या बिल्डिंगची खबर ठेवणारा माणूस. त्या घटकेला त्याला विचारणारं कोणी नव्हतं.

भिंतीवर घड्याळ होतं. त्याला तिकडे बघायचं नव्हतं. तरी बघितलं.

अकरा चाळीस.

स्टूल सरकलं.

खोलीत कोणी आलेलं नव्हतं. दार लावलेलं होतं. पण स्टूल फरशीवरून ओढल्याचा आवाज. मग टेकल्याचा. मग... किणकिण. अगदी हलकी.

एकाच हाताची.

त्याने मान वळवली नाही. कडेच्या लोखंडी टेबलावर काहीतरी ठेवल्यासारखं झालं, डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. हात. सावळा, नखांत माती बसलेला. सात बांगड्या. पुढे केलेला, पालथा. द्यायला काढतात तसा.

मग आवाज आला. म्हाताऱ्या बाईचा. रागाचा नव्हता. खरंच विचारत होती.

"झाला काय र... फोन?"

त्याने डोळे मिटले. तिला वाटावं, झोपलाय. श्वास लांब घेतला, झोपलेला माणूस घेतो तसा. उत्तर दिलं नाही. माफी मागितली नाही. तोंडातून शब्द...

मी झोपेचं सोंग घेतलं.

जितेशने मोबाईल उलटा ठेवला. मीच म्हटलेलं मला ऐकू आलं होतं. आता परत "त्याने" म्हणण्यात अर्थ नव्हता.

"काका..." स्वप्नाली म्हणाली.

थांब पोरी. सांगू दे.

मी डोळे मिटून पडलो. वाटलं, आता गळा धरेल. धरायलाच हवा होता. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण माझ्या हातावर हात आला. गार. खरखरीत. भात लावणाऱ्या बाईचा असतो तसा. तिने माझा हात धरला. माझा!

"भ्यायचं नाय," म्हणाली.

रात्रभर धरला होता. मी सोंगातच. माझ्या डोळ्यांतून पाणी कानात जात होतं, ते पुसायची हिंमत नव्हती. पुसलं असतं तर कळलं असतं, जागा आहे. ...तिला काय, कळतच असणार.

किणकिण चालू होती. कधीतरी, पहाटे असेल, एक बांगडी वाजायची थांबली. मग दुसरी. मग तिसरी. एकेक करत.

मग काहीच नाही.

सकाळी सहाला पोरसवदा सिस्टर आली, मला उठवलं. मला झोप लागली होती, शपथेवर सांगतो, लहान मुलासारखी. भीती नव्हती. सिस्टर म्हणाली, "काका, हे कोणी बांधलं? आत काय आहे?"

माझ्या उजव्या मनगटाला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. मी हातात काही घालत नाही. ना दोरा, ना कडं. घड्याळसुद्धा मालिनी घेऊन गेली होती. पट्टी सैल होती, फुगीर, आत काहीतरी झाकल्यासारखी. आणि टोक दुहेरी दुमडलेलं. सिस्टरने दोन बोटांत धरून ओढलं. अलगद सुटली. आत कापूस आणि माझं रिकामं मनगट.

ती फेकायला निघाली. मी मागून घेतली.

ऑपरेशन नीट झालं. आठ दिवसांनी जिना चढण्याइतका झालो तेव्हा तिसऱ्या मजल्यावर गेलो. विनिता एकटीच होती, चहा टाकत होती. मी दारात उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाच्या घरात डोकावावंसं वाटलं नाही. म्हटलं, "विनिता, त्या रात्री मी फोन केला नसता तर..."

"बसा काका," ती म्हणाली. "टाके ताजे आहेत."

"तू मालिनीला माझं नाव सांगितलं नाहीस."

"माझ्या किर्तीला रोज तुमच्याकडून जेवण यायचं," ती म्हणाली. "आणि फोन मीही ठेवू शकले असते."

मी खिशातून पट्टी काढली, ओट्यावर ठेवली. तिने गॅस बंद केला. आधी दुमडलेलं टोक बघितलं. मग पट्टी उलटी करून उजेडात धरली. कापूस दाबला गेला होता, त्यावर वळ उठले होते. गोल, बारीक, एकाशेजारी एक. बांगड्यांवरून घट्ट पट्टी बांधली की उठतात तसे. तिने नखाने एकेक मोजला. परत मोजला.

सात.

"दुमड माझीच आहे," विनिता म्हणाली. तिचा आवाज एवढा बारीक झाला की मला वाकून ऐकावं लागलं. "पण काका... तिचा उजवा हात मी बांधलाच नव्हता."